उंदराची मान आणि माणसाचा गाल

॥ श्रीदत्त ॥

गुलबर्गा,
रविवार, ११ जून १९७८

तीर्थस्वरूप श्रीपतअण्णांच्या पायी मावसभाऊ अच्युताचा नमस्कार. सावित्रीवहिनींना नमस्कार, चिरंजीव नरहरीला आशीर्वाद.

इकडे सगळं आहे तसंच आहे. अनसूयेचे गुडघे सकाळी दुखतात आणि दुपारी विसरतात. यंदाचा उन्हाळा मात्र फार झाला. मेडिकल कॉलेजच्या प्राणीघराचे पत्रे तापून दोन दिवसांत अकरा उंदीर गेले. आम्ही खिडक्यांना ओलं गोणपाट लावतो, पण नळाला पाणी तासभरच येतं. मेलेल्यांत चार असे होते की त्यांचं वजन मी गेलं वर्षभर दर सोमवारी टिपत होतो. दमायला होतंय अण्णा. पन्नाशी जवळ आली म्हणून असेल.

तुमचं पत्र येऊन बारा दिवस झाले. अक्षर नरहरीचं, सही तुमची. ते खिशात घेऊनच हिंडतोय, घामानं घडीवरची शाई उतरली आहे. तक्रारअर्ज वर गेला, डॉक्टर विरुपाक्षांची चौकशी होणार, हे कळलं. अर्जातला मुख्य मुद्दाही कळला, की तोंड वाकडं होऊ शकतं हे ऑपरेशनच्या आधी तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून मी तुमच्याजवळ होतो, म्हणून मला साक्षीला बोलावतील असं नरहरीनं लिहिलंय. 'अच्युता, जे झालं ते खरं सांग,' एवढं एकच वाक्य तुमच्या तोंडचं वाटलं. बाकीचं वकिलीच्या पुस्तकातलं होतं. त्याचा अभ्यास चांगला चाललेला दिसतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, 'माझ्या गालातलं नेमकं काय कापलं रे? तुझं रोजचं तेच काम ना?' याचं उत्तर मला येतं. ते आधी देतो.

माझ्या कामाबद्दल तुम्ही आजवर कधी विचारलं नव्हतंत. आजोळी जनवाड्याला विठ्ठलमामाच्या मुलाच्या मुंजीत तुम्ही सगळ्या पंगतीसमोर म्हणाला होतात, 'गणपतीचं वाहन कापून पगार घ्यायलाय आमचा अच्युता. ह्या उंदीरमाऱ्याच्या हातचं तीर्थ कोण घेणार हाय, सांगा!' सगळे हसले, मीही हसलो. ते काम असं आहे.

आमचे प्राध्यापक श्रीनिवासराव लाळेच्या ग्रंथींवर मोठा निबंध लिहीत आहेत. माणसाच्या ग्रंथी आणि प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या ग्रंथी, त्यांत सारखं काय आणि वेगळं काय. जनावर बेशुद्ध करून, मारून, ग्रंथी काढायची, मेणात बसवायची, यंत्रावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे, हे सगळं माझ्याकडे. शाळा सातवीपर्यंतची, पण हात बसला आहे. घरी जाण्याआधी मी तिथंच न्हाणीत अंघोळ करतो, जानवं बदलतो आणि मगच सायकलीला हात लावतो. हे तुम्हाला ठाऊक नसेल.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. एक कानाजवळ, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. माणसाला तीन, उंदराला तीन, सशाला डोळ्याखाली एक जास्तीची. देवानं सामान तेच दिलंय, मांडणी मात्र प्रत्येकाची निराळी केलीय. उंदराची जबड्याखालची ग्रंथी खरं तर गळ्यावरच असते, दोन्ही बाजूंच्या मध्ये येऊन एकमेकींना टेकतात. जिभेखालची तिलाच चिकटलेली, एकाच पापुद्र्यात, नीट पाहिलं नाही तर दोन आहेत हे कळतच नाही. कानाजवळची तर कानामागून मानेवर आणि तिथून खांद्याच्या हाडापर्यंत विरळ पसरलेली असते, कुणी उपरणं टाकून गेल्यासारखी. आणि कानाच्या खाली एक छोटी गाठ असते, ती लाळेची नव्हेच, डोळ्याच्या पाण्याची आहे. सुरुवातीला मी तीच लाळेची समजून बाटलीत ठेवली आणि वर चिठ्ठी लावली. श्रीनिवासरावांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, 'अच्युतराव, उंदराला रडवलंत की हो!' त्यानंतर मात्र चूक झाली नाही. उंदराची मान मला आता पाठ आहे.

तुमच्या गालातली लिंबाएवढी गाठ कानापुढच्या ग्रंथीत वाढलेली होती. ग्रंथीच्या वरच्या भागासकट ती काढली. कापलं ते एवढंच.

चेहरा हलवणारी जी नस असते तिच्याबद्दल पुढे कधी लिहीन. ते पत्रात सांगण्यासारखं नाही.

झोपताना डोळ्यावर ओलं फडकं ठेवता ना? तो मिटत नाही म्हणून धूळ बसते. मलम संपलं असेल तर येणाऱ्या कुणाबरोबर निरोप द्या, इथून पाठवतो. पादुकांच्या आरतीचा शंख आता तुमच्याऐवजी नरहरी वाजवतो असं वहिनींनी मागे सांगितलं. मुलाचा दम चांगला आहे, म्हणाल्या. तुम्ही त्या वेळी देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन बसता, हेही त्यांनीच सांगितलं.

साक्षीचं बोलावणं अजून आलेलं नाही. आलं की बघू. आणखी काही लिहायचं होतं, पण कागद संपला.

आपला
अच्युत

*

॥ श्रीदत्त ॥

गुलबर्गा,
गुरुवार, १३ जुलै १९७८

तीर्थस्वरूप श्रीपतअण्णांस,

साष्टांग नमस्कार. आज खुशालीचं काही लिहीत नाही.

मागच्या पत्रात कागद संपला म्हणून लिहिलं होतं. त्या कागदाची मागची बाजू कोरी होती. तुम्हाला ती दिसलीच असेल, आणि तरी तुम्ही काही विचारलं नाहीत.

बोलावणं आलंय. येत्या सोमवारी, सतराला, अकरा वाजता. बेंगळूरहून साहेब येणार आहेत. तिथं मी जे सांगणार आहे ते तुम्ही आधी माझ्याकडून ऐकावं म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या टपालात पडलं तर शनिवारी तुमच्या हातात येईल. हे नरहरीला वाचायला देऊ नका, तुम्ही स्वतः वाचा. एका डोळ्याला त्रास होईल, म्हणून अक्षर मोठं काढतोय.

तुम्हाला ऑपरेशनचा दिवस आठवत असेल, पण त्याच्या आदल्या दिवशीची दुपार मला जास्त आठवते. नऊ वर्षं तुम्ही ती गाठ उपरण्याखाली झाकली होती. यात्रेकरू पाया पडताना वर बघत, मग मान खाली घालत. वहिनींनी अन्न सोडलं तेव्हा कुठं तुम्ही गुलबर्ग्याला यायला तयार झालात, आणि आलात ते थेट माझ्या घरी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर आपण बसलो होतो. डॉक्टर विरुपाक्ष आले आणि मला खुणेनं बाजूला घेऊन गेले.

इथं रिवाज असा आहे, अण्णा. नोकरमाणसाच्या घरचा रोगी असला की डॉक्टर त्या नोकरमाणसाला सांगतात आणि तो घरच्या माणसाला सांगतो. घरच्याच्या तोंडून ऐकलं की रोगी घाबरत नाही, असा सगळ्यांचा अनुभव. शिपायापासून कारकुनापर्यंत सगळ्यांनी आपापल्या माणसांना असंच सांगितलंय. त्या दिवशी विरुपाक्ष मला कानडीत जे म्हणाले ते मी आज मराठीत लिहितो, एकही शब्द कमी न करता.

ते म्हणाले, 'चेहऱ्याची नस या ग्रंथीच्या आतून जाते. मी जपून काढीन, पण गाठ जुनी आहे आणि मोठी आहे. नस दुखावली तर तोंड एका बाजूला ओढलं जाईल, डोळा मिटणार नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, एखाद्याचं कायमचं राहतं. गाठ तशीच ठेवली तर तीही पुढे बिघडू शकते. हे दोन्ही त्यांना नीट सांग. दोन दिवस विचार करू देत, घाई नाही. तू घरचा आहेस आणि या ग्रंथींचं काम तुझंच आहे, तुझं ते ऐकतील.'

एवढं ऐकून मी बाकाकडे परत आलो.

तुम्ही विचारलंत, 'काय म्हणायलाय तुझा डॉक्टर? एवढं लांब नेऊन बोलायलाय म्हणजे काहीतरी असंल.'

मी म्हणालो, 'काही नाही अण्णा, नेहमीचंच.'

'तोंडाला काही होणार न्हाई ना रे? माझं सगळं तोंडावर चाललंय बघ. शंख हाय, मंत्र हाय. हात मोडला तर मी काही म्हणणार न्हाई.'

'उंदरात मी ही ग्रंथी शंभरदा काढलीय. चादर उचलावी तशी निघते, खाली काही हलत नाही.'

तुम्ही मोठ्यानं हसलात. व्हरांड्यातल्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. 'म्हणजे मी उंदीर का रे, अच्युता?' असं म्हणून तुम्ही पेन मागितलंत. केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं होतं की सगळे धोके रोग्याला त्याचे भाऊ अच्युतराव यांच्यामार्फत समजावून दिले आहेत. खाली तुमची सही आहे. शेजारी माझी आहे.

म्हणजे सांगितलं गेलं होतं. ते माझ्यापर्यंत येऊन थांबलं.

तेव्हा मला डॉक्टरांचं म्हणणं खोटं वाटलं होतं, हे देवाशपथ खरं आहे. मी उंदराच्या मानेवरून ती ग्रंथी रोज उचलत होतो. ती विरळ, सुटी. चिमट्यानं धरली की वर येते आणि नस खाली मांसावर पांढरी, अखंड पडलेली राहते. मला वाटलं, डॉक्टर लोक आपल्या अंगावर येऊ नये म्हणून जास्तीचं बोलतात. माणसाची ग्रंथी माझ्याकडे येत होती ती बाटलीतून, वाटाण्याएवढा तुकडा, कुणीतरी शवागारातून कापून आणलेला. मी त्याचे काप काढत होतो. तो तुकडा कुठून कसा निघाला, त्याच्यातून काय गेलं होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं.

तुमच्या ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी श्रीनिवासरावांनी मला माणसाचा गाल सोडवायला दिला. त्यांना संग्रहालयात उंदराची मान आणि माणसाचा गाल शेजारी शेजारी ठेवायचे होते. एका बेवारस म्हाताऱ्याचं शव होतं. मी आधी हात जोडले, मग कातडी उलटली. अण्णा, खिरीत शेवया थिजाव्यात तशी नस त्या ग्रंथीत थिजलेली होती. कानाखालून एक जाड दोरा आत शिरतो आणि आतल्या आत त्याचे फाटे होतात, कपाळाकडे, डोळ्याकडे, ओठाकडे, हनुवटीकडे. खीर काढायची आणि शेवई तुटू द्यायची नाही, असं ते काम. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून ओठाकडचा फाटा तुटला. म्हाताऱ्याला त्याचं काही नव्हतं. मी चिमटा ठेवला आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो. कोणी तरी विचारलं, कापलं का? मी हो म्हणालो.

पण अण्णा, हे लिहूनही मी अर्धवटच लिहिलंय. मला माहीत नव्हतं, एवढ्यावर तुम्ही मला माफ कराल, अशी सोय मी या चार ओळींत करून ठेवली. मला माहीत असो वा नसो, निरोप माझा नव्हता, डॉक्टरांचा होता. तो पोचवायला उंदराची किंवा माणसाची काही माहिती लागत नव्हती.

मी का पोचवला नाही ते आता लिहितो. त्या बाकावर तुम्ही माझा हात धरला होता. दोन्ही हातांनी. जनवाड्याच्या पंगतीत ज्या हातचं तीर्थ कुणी घेणार नव्हतं तो हात. आणि म्हणालात, 'मला काही कळत न्हाई यातलं. तू सांगशील तसं.' आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलंत. डॉक्टरांचं बोलणं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पिशवी उचलून बसस्टँड गाठला असता, मला ठाऊक होतं. मग मी पुन्हा उंदीरमाऱ्याच राहिलो असतो. मला तो दिवस घालवायचा नव्हता. एवढंच आहे. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुमची पट्टी सैल केली तेव्हा विरुपाक्ष तुम्हाला म्हणाले, डोळे मिटा. एकच मिटला. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, 'तू त्यांना सांगितलं होतंस ना?' मी म्हणालो, 'होय सर.' तेव्हापासून त्यांना वाटतं तुम्ही समजून उमजून सही केलीत आणि आता उलटलात. तुम्हाला वाटतं त्यांनी तुम्हाला फसवलं. दोघंही सरळ माणसं. मध्ये मी आहे. पंधरा महिने.

काल अनसूयेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं नाही, निवडतच राहिली. मग म्हणाली, 'या पंधरा महिन्यांत तुम्ही चारदा गाणगापूरला जाऊन आलात. भावजींच्या घरी जेवलात. पादुकांपुढं उभं राहून काय बोलत होतात?'

मी म्हणालो, 'अण्णांचा डोळा मिटू दे, असं मागत होतो.'

'आणि हे लपवून?'

मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. तिनं विचारलं, 'नोकरी जाईल का?'

'जाऊ शकते.'

'गेली तर बघू. पण आधी त्यांना कळवा, मग साहेबाला. भाऊ तुमचा हाय, साहेब न्हाई.'

म्हणून आज लिहितोय.

तुमचा अर्ज खोटा नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे अक्षरशः खरं आहे. त्यात जिथं विरुपाक्षांचं नाव आहे तिथं माझं हवं, एवढीच दुरुस्ती. ती मी सोमवारी करीन. विरुपाक्षांची बढती या चौकशीमुळे अडली आहे, त्यांची मुलगी लहान आहे, हे लिहून तुमचं मन वळवण्याचा विचार आला होता. पण ती माझी जुनीच खोड आहे, माणसाला हवं तेवढंच सांगायचं. म्हणून तुम्हाला वाटेल ते करा. नरहरीला माझ्यावर फिर्याद करायची असेल तर करू दे, मी कागदावर सही करून देईन.

आज गुरुवार. पारायणाला बसलो होतो, पानं उलटत होतो, डोळ्यापुढून अक्षरं जात होती. पोथी बांधून ठेवली. इतकं वाचून मी असाच राहिलो, तर वाचणाऱ्यात काहीतरी कमी आहे.

स्वतःला आपला म्हणवून घ्यायला आज जड जातंय, पण दुसरा शब्द मला शिकवलेला नाही.

आपला
अच्युत

*

॥ श्रीदत्त ॥

गुलबर्गा,
मंगळवार, १८ जुलै १९७८

तीर्थस्वरूप अण्णांस,

अच्युताचा नमस्कार.

कालचं नरहरीनं तुम्हाला सांगितलं असेलच. तरी माझ्याकडून.

साहेब वयस्क होते, खोकत होते. मध्येमध्ये गरम पाणी पीत. त्यांनी मला कानडीत विचारलं, धोका रोग्याला सांगितला होता का? मी म्हणालो, डॉक्टरांनी मला सांगितला होता, मी अण्णांना सांगितला नाही. त्यांना वाटलं मी घाबरून उलटसुलट बोलतोय. म्हणाले, सावकाश बोला. मी पुन्हा तेच सावकाश बोललो. मग का सांगितला नाही, विचारलं. मी म्हणालो, उंदरात नस वेगळी असते म्हणून मला तो खरा वाटला नाही, आणि दुसरं कारण घरचं आहे, हवं तर तेही सांगतो. ते म्हणाले, राहू द्या. टाइप केलेलं मला वाचून दाखवलं. मी सही केली. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. मला वाटलं होतं दिवस जाईल.

बाहेर माठाजवळ विरुपाक्ष उभे होते. मी हात जोडले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'पंधरा महिने मी तो गाल मनातल्या मनात उघडतोय. इथं वळलो ते चुकलं का, तिथं जास्त ओढलं का. नस माझ्याच हातून गेली असेल, अच्युतराव, ते माझं मी बघीन. पण त्यांना विचार करायला मिळाला असता तर कदाचित ते घरी गेले असते. तेवढं तुम्ही घेतलंत त्यांच्याकडून.' पेला माठावर ठेवून ते वॉर्डात निघून गेले. त्यांनी मला पहिल्यांदाच तुम्ही म्हटलं.

पुढचा हुकूम येईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. प्रयोगशाळेच्या किल्ल्या श्रीनिवासरावांकडे दिल्या. ते चष्मा पुसत राहिले. 'सामान तेच असतं, मांडणी वेगळी असते,' म्हणाले. 'हे तुम्हीच मला इतक्या काचांवर दाखवलंत आणि नेमके तुम्हीच विसरलात?' मी त्यांना सांगितलं, तिसऱ्या फळीवरच्या काचा अजून ओल्या आहेत, रविवारच्या आत हलवू नका. काल सोमवार होता, वजनं टिपली गेली नाहीत.

नरहरी फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. मुलगा तुमच्यासारखाच चालतो, पाय आपटत. त्याला राग होता आणि काका म्हणायची सवयही होती, दोन्हींत अडकला होता. म्हणाला, 'तुमचं पत्र शनिवारी आलं. अप्पांनी मला हात लावू दिला न्हाई. दोनदा वाचलं. मग देवाजवळ ठेवलं आणि जेवायला बसले.'

मी विचारलं, 'काही म्हणाले?'

'लगेच न्हाई. निघताना म्हणाले, त्याला म्हणावं, खरं सांग म्हणालो होतो, सांगायलास, बरं झालं. पण माझ्या घराची पायरी चढायची न्हाई.' मग त्यानं फाटकाची कडी काढली. 'पायरी हा शब्द अप्पांना दोनदा म्हणावा लागला, काका. पहिल्यांदा मला कळलाच न्हाई.'

त्यानं हे मला दुखवायला सांगितलं असं मला वाटत नाही. ते खरं होतं म्हणून त्यानं सांगितलं.

अण्णा, तुमचा शब्द मी मोडणार नाही. पायरी चढणार नाही.

येत्या गुरुवारी गुरुपौर्णिमा, तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसेल. त्याच्या पुढच्या गुरुवारी, २७ तारखेला, मी सकाळच्या गाडीनं येईन. संगमावर अंघोळ करीन, पादुकांचं दर्शन घेईन. दुपारी खांद्याला झोळी लावून माधुकरी मागायला निघेन. सगळे यात्रेकरू मागतात, मी आजवर मागितली नाही, कारण गावात माझं घर होतं. पाच घरं मागायची असतात. चार कुठलीही घेईन. पाचवं तुमचं घेईन.

भिक्षा मागणारा पायरी चढत नाही. खाली रस्त्यावर उभा राहून तो एकदा हाक देतो, थोडा थांबतो आणि पुढे जातो. मीही एकदाच हाक देईन. वहिनींना पाठवू नका, नरहरीलाही नको. द्यायचं झालं तर तुम्ही द्या, मूठभर भात असला तरी चालेल. द्यायचं नसेल तर दार ओढून घ्या. मी ते ऐकून घेईन आणि चार घरांचं घेऊन संगमावर जाऊन बसेन. पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. आता मला सुट्टीच आहे.

तुमच्या पायरीखाली उभा असलेला
अच्युत